बारा किलोची केटलबेल

शनिवारी सकाळी सव्वासातला अमोघच्या हातातून केटलबेल सुटली आणि धाडकन जमिनीवर आली. खालच्या मजल्यावर घरमालक रत्नाकरराव नेमके तेव्हाच फिल्टर कॉफी उंचावरून वाटीत ओतत होते. कॉफी वाटीत गेलीच नाही, ती गेली धोतरावर. दोन मिनिटांत रत्नाकरराव त्याच ओल्या धोतरानिशी जिना चढून दारात हजर.

“वरतें काय टाकिलें, तंबी?”

रत्नाकरराव तंजावरकडचे मराठी. पूर्वजांनी तीनशे वर्षांपूर्वी येताना जी मराठी आणली ती या मंडळींनी बरणीतल्या लोणच्यासारखी जपून ठेवलीय, फक्त मधेमधे तमिळ मुरलंय. ‘तंबी’ म्हणजे धाकटा भाऊ. चेन्नईत एग्मोर स्टेशनच्या पार्सल ऑफिसात पस्तीस वर्षं नोकरी करून ते रिटायर झालेले. अड्यारमधल्या त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर अमोघ आणि त्याचा मित्र अनय भाड्याने राहायचे.

“काही नाही आजोबा, केटलबेल आहे. व्यायामाची,” अमोघ म्हणाला. “फक्त बारा किलो.”

खोलीच्या मधोमध तो काळा लोखंडी गोळा बसला होता, वर जाडजूड कडी, पोटावर पांढऱ्या ऑइलपेंटने ठसठशीत ‘१२ किलो’. रत्नाकररावांनी मान तिरकी करून त्याच्याकडे पाहिलं, आवाज अजून तिथेच पडून असल्यासारखं.

“बारा किलोचा हा आवाज नव्हें,” ते म्हणाले, आणि धोतर झटकत खाली गेले.

“संपलं,” अनय ब्रश तोंडात धरून म्हणाला. “आजोबा आता घर खाली करायला सांगणार. अरे, बारा किलो झेपत नाही तुला? माझी भाची एवढ्या वजनाची आहे, आणि तिला माझी बहीण एका कडेवर घेऊन पोळ्या लाटते.”

अमोघने फोन उघडला. इंटरनेटवर साठ-साठ वर्षांच्या बायका बारा किलो एका हाताने झोके देत फिरवत होत्या, हसत होत्या, वर कॅमेऱ्याशी गप्पा मारत होत्या. आणि हा पठ्ठ्या दोन्ही हातांनी तीनदा उचलून चौथ्यांदा पाडत होता.

आता हे सगळं सुरू कुठून झालं? तर रुचिरापासून, म्हणजे अमोघला जिच्याशी लग्न करायचंय तिच्यापासून. रुचिरा एग्मोरच्या एका बँकेत. जन्म, शाळा, कॉलेज सगळं चेन्नईत, त्यामुळे चिडली की आधी तमिळमध्ये चिडते आणि मग मराठीत भाषांतर करते. तिचे पप्पा अमरसिंह कोल्हापूरकडचे, चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या संरक्षण कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त. मिशी अशी की बोलणं मिशीतून गाळून बाहेर येतं. गेल्या महिन्यात अमोघ त्यांना पहिल्यांदा भेटायला गेला, तेव्हा पोहे व्हायच्या आत त्यांनी विचारलं, “व्यायाम काय करतोस?”

अमोघ सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका बसून काढतो. खरं उत्तर होतं ‘काही नाही’. पण सकाळीच फोनवर एक जाहिरात दिसली होती, ती तोंडातून निघून गेली. “केटलबेल.”

“ते काय असतंय?”

“लोखंडाचा गोळा असतो. वर कडी. ती धरून उचलायचा.”

“अरं, म्हंजी आमची नालच की!” अमरसिंह खूश. “मग झालं तर. खंडेनवमीला ये.”

नाल म्हणजे तालमीतलं दगडाचं जाड कडं, आत धरायला मूठ कोरलेली. अमरसिंहांच्या आज्ज्याची नाल कोल्हापूरहून आवडीला आली होती आणि दर खंडेनवमीला हळदीकुंकू लावून तिची पूजा व्हायची. पूजा झाली की घरातल्या पुरुषांनी ती एकदा छातीपर्यंत उचलायची, अशी रीत. होऊ घातलेल्या जावयानेसुद्धा.

“चाळीस किलो आहे ती,” बसस्टॉपवर रुचिरा म्हणाली. “अय्यो अमोघ, तुला कुणी सांगितलं होतं नको ते बोलायला? गेल्या वर्षी सिद्धार्थचं स्थळ आलं होतं. जिमला जाणारा, एवढे दंड! त्याने जोर लावून एक हिसका दिला, नाल वर गेली आणि तो मागे. तीन दिवस आमच्या दिवाणावर पडून होता. आई त्याला चमच्याने वरणभात भरवत होती. चौथ्या दिवशी त्याचे वडील येऊन त्याला घेऊन गेले, आणि पप्पा म्हणाले, ह्यो न्हाई चालायचा.”

“मग मी काय करू?”

“शीक! आणि नीट शीक. व्हिडिओ बघून नाही, क्वालिफाइड माणसाकडून. मला दिवाणावर दुसरा माणूस नकोय.”

तर असं. खंडेनवमी तीन आठवड्यांवर, तिकडे चाळीस किलोची नाल, इकडे बारा किलोला घाम. नाल उचलली नाही तर रुचिरा गेली. उचलताना पाठ गेली तर पाठही गेली आणि रुचिराही.

केटलबेल मात्र फुकट मिळाली होती, हे अनयचे उपकार. अनय गुम्मिडिपूंडीला पंपांचे लोखंडी भाग ओतणाऱ्या फाउंड्रीत इंजिनिअर. “विकत कशाला घेतोस? मी ओतून देतो,” म्हणाला, आणि खरंच चार दिवसांत दिली. कंपनीच्या बसमध्ये दोन लोडरनी चढवली, इथे कोपऱ्यावर वॉचमन आणि इस्त्रीवाल्याने उतरवली. अनयने स्वतः एकदाही उचलली नाही, कारण तो डिझाइनचा माणूस. “आत पोकळ ठेवलीय,” तो अभिमानाने सांगायचा, “म्हणजे दिसते मोठी, पण भरते बरोब्बर बारा. हिशेब माझा आहे.”

हिशेब चुकला असेल असं कुणाच्या मनातही आलं नाही. येणार कसं? बारा किलो मला जड होतंय, हे कबूल कोण करणार?

मग मास्तरांचा शोध सुरू झाला. अमोघ टेस्टर, त्यामुळे त्याने परीक्षा ठरवली सोपी आणि चोख. येणाऱ्याने समोरची बारा किलोची केटलबेल एका हाताने डोक्यावर नेऊन दाखवायची. ज्याला बारा जमत नाही, तो चाळीस काय शिकवणार!

पहिला आला अनंतकृष्ण. कोपऱ्यावरच्या जिमचा मुख्य ट्रेनर, छाती दारातून आधी आत आली, बाकीचा अनंतकृष्ण मागाहून. त्याने केटलबेलवरचा आकडा वाचला आणि हसला.

“ट्वेल्व आ, ब्रो? हे तर मी सकाळी दात घासताना उचलतो.”

“दाखवा ना.”

त्याने कडी धरली आणि सहज म्हणून उचलायला गेला. खांदा खाली, केटलबेल जमिनीवर, आणि चेहऱ्यावर अर्धवट हसू तसंच अडकलेलं. मग त्याने श्वास घेतला, जोर केला आणि ती मांडीपर्यंत आणली. तिथून ती ना वर जाईना, ना त्याला खाली ठेवता येईना, कारण अमोघ बघत होता. अखेर तो मागे सरकत सरकत सोफ्यावर बसला, केटलबेल मांडीवर.

“आधी थिअरी, ब्रो,” तो म्हणाला.

पुढची पंचवीस मिनिटं अनंतकृष्णने नातवाला घेऊन बसलेल्या आजोबांसारखी ती मांडीवर धरून थिअरी सांगितली. प्रोटीन, झोप, शिस्त. मधे त्याचा फोन वाजला, खिसा केटलबेलखाली होता, त्याने वाजू दिला. अमोघने चहा विचारला तर एवढ्या जोरात “येस!” म्हणाला की अमोघ दचकलाच. अमोघ स्वयंपाकघरात वळला मात्र, मागे धाड्कन आवाज. परत येऊन बघतो तर केटलबेल जमिनीवर, दार उघडं, आणि अनंतकृष्णच्या चपलाही नाहीत.

रत्नाकरराव मात्र आले. या वेळी पंख्यावरची धूळ डोक्यावर घेऊन.

“तंबी, मी पार्सल ऑफिसांत पस्तीस वर्षें. पेटी भुईवर ठेविली कीं मी पाठ फिरवून वजन सांगत असें. हे बारा नव्हें.”

“हो आजोबा. आम्ही खाली गादी घालतो.”

“गादी घाल. वजन तेंच राहातें.”

दुसरे राघोत्तम. त्यांचं सगळं ऑनलाइन होतं, फक्त ते स्वतः प्रत्यक्ष आले. सोबत लॅमिनेट केलेली अकरा सर्टिफिकेटं. ती त्यांनी पत्त्यांसारखी टीपॉयवर मांडली. अनय त्या दिवशी घरी होता, त्याने एक उचलून वाचलं.

“सर, हे मुलांच्या चित्रकलेचं आहे.”

“हस्तकौशल्य,” राघोत्तम शांतपणे म्हणाले. “सगळं हातातून येतं.”

त्यांची आवडती कल्पना अशी की वजन वस्तूत नसतंच, मनात असतं. मन हलकं करा, लोखंड आपोआप हलकं होतं. मग ते केटलबेलसमोर डोळे मिटून उभे राहिले, मन हलकं केलं, पाच मिनिटं करत राहिले, वाकले, कडीला हात घातला आणि ओढली. मन उचललं गेलं असेल कदाचित. त्यांनी पुन्हा ओढली. तिसऱ्यांदा त्यांच्या तोंडातून जो आवाज निघाला तो हलक्या मनाचा अजिबात नव्हता. मग ते सावकाश उभे राहिले आणि घड्याळाकडे बघून म्हणाले, “राहुकाल लागला. रविवार, साडेचार ते सहा. राहुकालात लोखंडाला हात लावायचा नसतो.”

“पण तुम्ही आत्ताच लावला होता,” अनय म्हणाला.

“तेव्हा चार एकोणतीस होते.”

सर्टिफिकेटं गोळा करून ते गेले. दहा गोळा केली, चित्रकलेचं राहिलं.

असे दहा दिवस गेले. आणखी दोघं येऊन गेले, एकाच्या कंबरेत उसण भरली आणि दुसऱ्याला आपली स्कूटर नो पार्किंगमध्ये असल्याचं आठवलं. अमोघच्या मते निकाल स्पष्ट होता. अख्ख्या चेन्नईत क्वालिफाइड माणूस नाही. आणि आपण तर त्यांच्याहूनही गेलेलो.

“रुचिरा, मी पप्पांना खरं सांगून टाकतो,” तो फोनवर म्हणाला. आवाज असा की केटलबेल छातीवर ठेवून बोलतोय. “मला बारासुद्धा झेपत नाही. रोज सकाळी उठून ओढतो. पाचदा उचलतो आणि हात थरथरतात.”

“थांब. एकदा श्रीरंजनीला येऊ दे,” रुचिरा म्हणाली. “आमच्या मॅनेजर बाईंची पाठ तिनेच ताळ्यावर आणली. आणि हे बघ, ती काय उचलते ते बघू नकोस. ती तुला काय विचारते ते बघ.”

श्रीरंजनी रविवारी सकाळी आली तेव्हा अमोघला वाटलं, सर्व्हेवाली आहे. अमोघच्या खांद्याला लागेल एवढी, चष्मा, पाठीवर सॅक, हातात झाडूच्या दांड्यासारखी काठी. रुचिराही मुद्दाम आली होती. अमोघने नेहमीप्रमाणे केटलबेल पुढे केली, म्हणजे पायाने थोडी ढकलली, म्हणजे ढकलायचा प्रयत्न केला.

“नंतर,” श्रीरंजनी म्हणाली. ती इंग्रजीत बोलायची आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘सरी-आ?’ विचारायची, म्हणजे ठीक ना. “आधी सांग, पाठ कधी दुखलीय? गुडघे? खुर्चीत किती तास बसतोस? रात्री कुठल्या कुशीवर झोपतोस?”

आजवर आलेल्यांपैकी कुणी हे विचारलंच नव्हतं. अमोघ सांगत सुटला. खुर्ची, डेडलाइन, मान, सातवीत झालाय असं वाटलेला पण न झालेला मुडदूस, सगळं. मग तिने त्याला भिंतीपासून वीतभर पुढे उभं केलं, पाठीला काठी लावली आणि सांगितलं की काठी न हलू देता फक्त बसायचा भाग मागे नेऊन भिंतीला टेकव. अमोघ कंबरेतून असा वाकला की काठी थेट अनयच्या नाकावर.

“आ!” अनय ओरडला.

“पुन्हा,” श्रीरंजनी म्हणाली.

चाळीस वेळा झालं. एकदाही वजन नाही. एकेचाळिसाव्या वेळेला भिंतीला बरोबर टेकला, तेव्हा रुचिराने टाळ्या वाजवल्या. कपाट लावल्यासारखं काहीतरी कंबरेत जागेवर बसलं असं अमोघला वाटलं.

मग श्रीरंजनी केटलबेलकडे वळली. अमोघने श्वास रोखला. ती वाकली, कडीला दोन्ही हात लावले आणि उचलली नाही. नुसती हलकेच इकडून तिकडे कलवली. परत कलवली. मग उभी राहून चष्मा वर केला.

“हे बारा आहे असं कुणी सांगितलं?”

सगळ्यांनी अनयकडे बघितलं. अनयने केटलबेलवरच्या पेंटकडे बोट केलं, जणू पेंटनेच सांगितलं होतं.

“वजनकाटा आहे का घरात?”

“नाही,” अमोघ म्हणाला.

“आहे की!” रुचिरा म्हणाली. “बॅगेचा!”

खरंच. पुण्याच्या फ्लाइटला पंधरा किलोच सामान चालतं, म्हणून दर दिवाळीला बॅग तोलायचा हूकवाला छोटा काटा तीन वर्षं याच घरात, याच ड्रॉवरमध्ये होता. येताना आईचे लाडू तोलायचे, जाताना रत्नाकररावांच्या घरच्या मुरुक्कूची, म्हणजे चकल्यांची, पिशवी. केटलबेल तेवढी तोलायचं राहिलं. अमोघ आणि अनयने टॉवेलची झोळी करून दोन्ही बाजूंनी धरलं, श्रीरंजनीने हूक अडकवला, आणि आकडा थरथरत थरथरत थांबला.

अठ्ठावीस पूर्णांक तीन.

दारातून आवाज आला, “अठ्ठावीस.” रत्नाकरराव उभे होते, हातात कॉफी. “मी सांगणारच होतों. कुणी पुसलेंच नाहीं.”

“अनय,” अमोघ हळूच म्हणाला, “आत पोकळ आहे ना रे?”

“म्हणजे काय! वाळूचा गाभा करून घेतला मी. साच्यात तो ठेवायचा, भोवती लोखंड ओतायचं, मग वाळू काढून टाकायची. एवढा, नारळापेक्षा मोठा, गोल गरगरीत गाभा…” अनयचे हात हवेत तो गोल धरून राहिले. चेहरा हळूहळू पांढरा पडला. “…तो माझ्या टेबलावर आहे.”

“काय?”

“मला वाटलं, कुणीतरी गिफ्ट दिलाय. मी त्यावर हेल्मेट ठेवतो.”

रुचिरा आधी तमिळमध्ये हसली. म्हणजे खरंच, ‘अय्यय्यो’ करत जमिनीवर बसली. मग सगळेच हसले, अमोघ सर्वांत उशिरा, कारण त्याच्या डोक्यात हिशेब चालू होता. सोळा दिवस. दोन्ही हातांनी, पाच पाच वेळा. अठ्ठावीस! त्याने हळूच स्वतःच्या दंडाला हात लावून बघितला.

अनंतकृष्णला फोन करून खरं सांगणं भाग होतं. “ब्रो,” तो गहिवरून म्हणाला, “मी आठवडाभर जिमला गेलो नाही. बायकोला सांगितलं, माझं वय झालं.” तो तिसाचा होता.

श्रीरंजनीने मात्र उगाच आशा लावली नाही. “चाळीस किलो छातीपर्यंत, सहा दिवसांत? नाही. खोटं सांगणार नाही. मी तुला पाठ वाचवायला शिकवीन, बस. आणि एक नियम. कुठलीही वस्तू आधी हलवून बघायची. तिला विचारायचं, तुझं वजन किती. तिच्यावर काय लिहिलंय, लोक काय सांगतात, त्यावर जायचं नाही. सरी-आ?”

“सरी,” अमोघ म्हणाला.

सहा दिवस भिंत, काठी, आणि तिने आणलेली खरी बारा किलोची. ती तर अमोघच्या हातात फुग्यासारखी उडाली आणि पंख्याला लागता लागता राहिली.

खंडेनवमी उजाडली. इकडे तिला आयुध पूजा म्हणतात आणि अख्खी चेन्नई हत्यारांना सुट्टी देते. बसला केळीचे खुंट, रिक्षांना झेंडूच्या माळा, चौकाचौकात कुंकू भरून फोडलेल्या कोहळ्यांचा लाल चिखल. अमोघचे आईबाबा बार्शीला, त्यामुळे वडीलधारं माणूस म्हणून रत्नाकरराव जरीकाठी धोतर नेसून निघाले. अमरसिंहांचा निरोप होता, तुझं बी हत्यार पूजेला आण. म्हणून कॅबच्या डिकीत केटलबेल, अजून तशीच, पोटावर ‘१२ किलो’. अनय पेंट बदलतो बदलतो म्हणत राहिला होता.

आवडीला रुचिराच्या घरी हॉलमध्ये चटईवर ही गर्दी! काका, मामी, शेजारचं तमिळ कुटुंब, कारखान्यातले चार जुने सहकारी. पाटावर नाल, हळदीकुंकू, झेंडू. शेजारी अमोघची केटलबेल, तिलाही टिळा. कोपऱ्यात तो प्रसिद्ध दिवाण, वर धुतलेली चादर अंथरून तयार. रुचिराची आई फार व्यवहारी बाई.

आधी अमरसिंहांनी नाल उचलली. सावकाश, डोळे वटारून, मिशीतून “हुं” करत. छातीपर्यंत गेली, खाली आली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

“या पावणं,” ते म्हणाले. “चाळीस किलो हाय. आज्ज्याच्या वक्ताची. लाव जोर.”

अमोघ नालेसमोर उभा राहिला. मागून एक मामा पुटपुटले, “हिसका दे, एकदम हिसका!” रुचिरा दाराशी, पदराचं टोक दातात. अमोघने बसायचा भाग मागे नेला. मूठ धरली. सगळं अंग म्हणत होतं, ओढ. आणि त्याला श्रीरंजनीचा चष्मा दिसला. त्याने हात सैल केले आणि नाल आधी थोडीशी, अगदी थोडीशी, कलवून बघितली.

ती हलली. पटकन.

त्याने परत कलवली. सोळा दिवस ज्या हातांनी रोज अठ्ठावीस उचलले, त्या हातांना फसवणार कोण? चाळीस? छे. वीससुद्धा नाही. आणि मग त्याला एकदम सिद्धार्थ कळला. बिचाऱ्याने चाळीसचा हिसका दिला, निम्म्याहून कमी वजनाला. नाल वर आणि तो मागे, जाणारच!

अमोघने मान वर केली. अमरसिंह त्याच्याचकडे बघत होते. मिशी एकदम स्तब्ध.

आता बघा. नाल एका हाताने डोक्यावर नेता आली असती. पण भोवती काका होते, मामी होती, कारखान्याचे लोक होते, भिंतीवर आज्ज्याचा फोटो होता. अमोघने दात आवळले, मानेच्या शिरा काढल्या, “हं… हंऽ” असा आवाज काढला आणि नाल इंचाइंचाने वर आणली. गुडघा, मांडी, पोट. पोटाशी मुद्दाम जरा थरथरला. मामी म्हणाली, “पडंल गं बाई!” आणि ती छातीला लागली!

काय टाळ्या! रुचिराने तोंडावर हात ठेवला. अमोघने नाल पाटावर टेकवली. अगदी हळू टेकवली, तरी दगडाचा आवाज झालाच. ठप्प.

चटईवर बसलेल्या रत्नाकररावांची मान तिरकी झाली. रत्नाकररावांनी तोंड उघडलं. पस्तीस वर्षांत ज्या माणसाने कुणा व्यापाऱ्याचा पाव किलोसुद्धा सोडला नाही, त्या माणसाने आधी अमोघकडे पाहिलं, मग रुचिराकडे, मग भिंतीवरच्या फोटोकडे.

“चाळीस,” ते म्हणाले. “तोळाभर इकडे नाहीं, तिकडे नाहीं.” आणि तोंडात प्रसादाच्या सुंडलची, उकडलेल्या हरभऱ्यांची, मूठ घातली, जणू पुढचं काही निसटू नये.

अमरसिंहांनी अमोघला कडकडून मिठी मारली. “जमलं!” ते गरजले. आणि आनंदाच्या भरात वळले केटलबेलकडे. “आता हे तुझं बारा किलोचं खेळणं आम्ही बी बघू की!” एक हात कमरेवर, दुसरा कडीला. अमोघ “अहो, पप्पा…” एवढंच म्हणू शकला.

पण अमरसिंहांनी ओढली नाही. ते थांबले. त्यांनी कडी हळूच कलवून बघितली. केटलबेल हललीच नाही. त्यांनी वर बघितलं, अमोघकडे. अमोघने आढ्याकडे.

“पूजेचं हत्यार हाय,” अमरसिंह सरळ होत म्हणाले. “आज उचलायचं नसतंय.”

“पण नाल?” शेजारच्या मामांनी तमिळमध्ये विचारलं.

“नालेला सूट हाय.”

नंतर जेवणं झाल्यावर व्हरांड्यात दोघंच होते. अमरसिंहांनी विडा लावला, एक अमोघला दिला आणि समोरच्या झेंडूच्या माळेकडे बघत विचारलं, “किती?”

“अठ्ठावीस. आणि… तुमची?”

“साडेसतरा.” विडा एका गालातून दुसऱ्या गालात गेला. “आज्जा सांगायचा, पोरगं उचलतंय का, ते कुणी बी बघंल. आपण बघायचं, आधी हलवून बघतंय का. आणि हलवून कळल्यावर गप बसतंय का.” मग ते जरा जवळ सरकले. “ते कलवून बघायचं तुला शिकवलं कुणी?”

“एक बाई आहेत.”

“क्वालिफाइड?”

“एकदम.”

सोमवारी सकाळी सहाला अड्यारच्या वरच्या मजल्यावर भिंतीपासून वीतभर पुढे दोन जण उभे होते, पाठीला काठ्या लावून. एक अमोघ. दुसऱ्यांना मिशी होती, आणि घरी सांगून आले होते की समुद्रावर फिरायला जातो.

“सर, याआधी काही उचललंय?” श्रीरंजनीने वहीत लिहीत विचारलं.

अमरसिंहांनी मिशीवरून हात फिरवला. “चाळीस.”

खालच्या मजल्यावरून रत्नाकररावांचा खोकला ऐकू आला.